आधी अणू अडवा

पडद्यावर तो सुळका पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा मी बाहेरच्या खोलीत डबा खात होते. आतून सतीशची हाक आली.

"हेमांगी, आलं की गं."

"काय आलं?"

"तू ये तर आधी. भाजी काय पळून जात नाही तुझी."

मी तशीच उठून गेले, म्हणजे दारापर्यंतच गेले. खरकट्या हाताने लेसरच्या टेबलाजवळ जायची आमच्या प्रयोगशाळेत कुणाची छाती नव्हती. सतीश नाईकवाडे आरशांमधलं अंतर अगदी हळूहळू बदलत होता. ठरावीक अंतर आलं की पडद्यावर सुळका उभा राहायचा, पुढे गेलं की खाली बसायचा, मागे आणलं की पुन्हा उभा. एरवी तो कागलचा गडी अखंड बडबड करायचा. त्या दुपारी तो नुसता अंतर बदलायची चकती मागेपुढे फिरवत होता.

हे दृश्य दिसावं म्हणून खिलारे सरांनी आयुष्याची दहा-अकरा वर्षं घातली होती, आणि मी माझ्या पीएचडीची पाच. त्या दिवशी ते बघायला सर मात्र तिथे नव्हते.

आमचा प्रयोग सांगायला सोपा आणि करायला महाकठीण. दोन आरसे समोरासमोर, मधली फट नखाच्या जाडीएवढी. आरसे इतके चोख की मध्ये सापडलेला प्रकाश लाखभर वेळा इकडून तिकडे आपटतो, तेव्हा कुठे त्याला बाहेरची वाट मिळते. एका बाजूला छोटीशी भट्टी, तिच्यात बेरियम धातूचा तुकडा. भट्टी तापली की अणू सुटतात आणि त्या फटीतून पार होतात, बहुतेक वेळा एका वेळी एकच. फटीच्या तोंडाशी एक लेसर त्यांना ऊर्जा देतो. असा भरलेला अणू आरशांच्या मध्ये आला की जवळचा प्रकाशाचा एक कण तिथे टाकून जातो. तो कण तिथे आपटत असतानाच पुढचा अणू आला तर मग त्यालाही द्यायची घाई होते. एकेका अणूने असा घातलेला प्रकाश साठत जातो. फक्त अणू फार रेंगाळता कामा नये, कारण रेंगाळला की तो दिलेलं परत घेऊन चालू लागतो. "पाहुण्यासारखं आहे," सर म्हणायचे. "आहेर देऊन वेळेवर निघाला तर बरा. मुक्कामाला राहिला की दिलं त्यापेक्षा जास्त खाऊन जातो."

यात एक गोम होती. अणूंना ऊर्जा देणाऱ्या लेसरचा रंग आणि अणूंनी टाकलेल्या प्रकाशाचा रंग एकच. त्या लेसरचाच एखादा शिंतोडा उडून आरशांच्या मध्ये शिरला तर पडद्यावर हुबेहूब तसाच सुळका दिसतो. सर तरुणपणी परदेशात यात एकदा चांगलेच पोळले होते. भर परिषदेत जाहीर केलेला निष्कर्ष पुढच्या महिन्यात त्यांना मागे घ्यावा लागला होता. म्हणून आमच्याकडे नियम होता, आधी अणू अडवा, मग नाचा. भट्टीच्या तोंडासमोर शटर होतं. ते बंद केलं की अणू थांबतात. त्याबरोबर प्रकाश गेला तर तो अणूंचा. राहिला तर तो चोरटा, लेसरचा. हे करून पाहिल्याशिवाय आमच्याकडे कुणी "झालं" हा शब्द उच्चारायचा नाही, अशी शिस्त होती.

मी हात धुऊन आले तोवर सतीश फोन खाली ठेवत होता.

"कुणाला केलास?"

"सरांच्या घरी. काकूंनी त्यांच्या कानाला लावून दिला." त्याचा आवाज चिरकला. "रडले गं सर."

सरांना स्वादुपिंडाचा कर्करोग होता. दिवाळीनंतर डॉक्टरांनी "आता घरीच बरं" असं सांगून त्यांना घरी पाठवलं होतं, आणि या वाक्याचा अर्थ कुणालाच समजावून सांगावा लागत नाही. त्या दिवसापासून आम्ही दोघं सुट्टी न घेता राबत होतो. सर असेपर्यंत त्यांच्या अणूंचा प्रकाश त्यांना कळावा, एवढी एकच गोष्ट आम्हाला हवी होती. तोंडाने आम्ही ती बोलत नव्हतो इतकंच.

"अडवून पाहिलंस?" मी विचारलं.

सतीश माझ्याकडे बघत राहिला. "तुझ्यासाठी थांबलो होतो."

"फोनसाठी नाही थांबलास."

भट्टी आणि आरसे ज्या हवा काढलेल्या बंद पेटीत असतात, त्या चेंबरच्या बाहेर शटरची मूठ असते. ती फिरवली की आतली दांडी फिरते आणि दांडीच्या टोकाची पत्र्याची पाती भट्टीच्या तोंडावर येते. मूठ नेहमीसारखी मऊ फिरली, खुणेपर्यंत गेली. सुळका जागचा हलला नाही. मी मूठ मागे घेतली, पुन्हा फिरवली. सतीशने मला बाजूला सारून स्वतः फिरवून पाहिली. सुळका होता तेवढाच, होता तिथेच.

दुसरा उपाय भट्टी गार करण्याचा, पण ती गार होता होता आरसे हलतात, आणि मग प्रकाश गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही. त्यामुळे शटर म्हणेल तेच खरं, असं आम्ही पहिल्यापासून मानत आलो होतो. सतीश स्टुलावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. मला त्याचा राग आला होता, आणि त्याची दयाही येत होती.

"मी परत फोन करतो," तो म्हणाला.

"नको. फोनवर नको. मी जाते."

सर सहकारनगरला राहायचे, पहिल्या मजल्यावर. मी जिना चढून वर गेले तेव्हा दार उघडंच होतं आणि शैलाकाकू दारात उभ्या होत्या. काकू प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी नुसतं बघितलं तरी आम्ही पीएचडीवाले सरळ उभे राहायचो. त्या दिवशी मात्र त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"चार दिवसांनी आज वाटीभर पेज प्यायले," त्या म्हणाल्या. "मला म्हणाले, दाढी करून दे, हेमांगी येईल."

मला तिथूनच मागे फिरावंसं वाटलं.

"काकू, सतीशने घाई केली. आम्ही नंतर तपासलं. तो प्रकाश अणूंचा नाही."

काकूंनी हळूच दार लोटून घेतलं. आम्ही दोघी बाहेर जिन्याशी उभ्या राहिलो.

"नक्की?"

"तीन-तीनदा बघितलं."

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"मी आणि सतीश."

"मग आत जा आणि त्यांना हो म्हण." शाळेत मुलांना सांगाव्यात तशा त्या स्वच्छ शब्दांत बोलत होत्या. "नंतर तुम्ही काय ते शोधा, सुधारा, कागदावर काहीही लिहा. त्या माणसापाशी किती दिवस आहेत ते तुला दिसतंय. त्यांनी हसत जावं एवढंच मागते मी."

"काकू, ते विचारतील."

"काय विचारतील?"

"अणू अडवून पाहिले का, हेच पहिलं विचारतील."

"तर मग सांग, पाहिले आणि प्रकाश गेला. दोन शब्द आहेत, हेमांगी."

मी चपला काढल्या. काकूंनी ते होकार म्हणून धरलं असावं, कारण त्यांनी दार उघडलं.

सर खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसले होते. दाढी केल्यामुळे गाल आणखी आत गेल्यासारखे दिसत होते. डोळे मात्र तेच होते, विद्यार्थ्याच्या चुकीची वाट बघणारे.

"ये," ते म्हणाले. "बस इथे. सुळका किती रुंद आहे?"

मी सांगितलं.

"हं. आणि लेसर कमी केलात तर?"

"कमी होतो सर."

"होणारच. अणूंचा असो नाहीतर चोरटा, दोन्हीकडून होणार." ते थोडं थांबले, श्वास जमवला. काकू दाराच्या चौकटीत उभ्या होत्या, माझ्याकडे बघत. "अणू अडवून पाहिलेस?"

हा प्रश्न त्यांनी मला पाच वर्षांत किती वेळा विचारला असेल. कँटीनमध्ये, जिन्यात, एकदा तर माझ्या बहिणीच्या लग्नाच्या पंगतीत. मी खोटं बोलायचं ठरवूनच त्या खोलीत गेले होते, हे मी आज सांगू शकते. जिन्यापासून पलंगापर्यंत ते दोन शब्द मी तोंडात धरून आणले होते. पण तो प्रश्न त्यांच्या तोंडून आला आणि मला ते जमलं नाही.

"पाहिले सर. प्रकाश गेला नाही."

"किती उतरला?"

"अजिबात नाही."

"अजिबात नाही?"

"नाही सर."

"काहीच फरक नाही?" त्यांनी पुन्हा विचारलं. मला वाटलं, त्यांना ते पटवून घ्यायला जड जातंय. मी नुसती मान हलवली.

"बरं," सर म्हणाले. "खरं सांगितलंस ते बरं केलंस." मग त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. मी आणखी थोडं बसले. मग उठले.

जिन्यापर्यंत काकू माझ्यामागे आल्या.

"तुझं शास्त्र तुला लखलाभ," त्या म्हणाल्या. "पुन्हा या घरी येऊ नकोस."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सर गेले. मधल्या दिवसांत मी गेले नाही. जायला तोंड नव्हतं, आणि तसं बजावलंही होतं. स्मशानात मी मागच्या रांगेत उभी होते. सतीश पुढे जाऊन काकूंच्या पाया पडला, तसा काकूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं, पण त्यांचं चुकलं असं आजही म्हणवत नाही.

पुढे काही दिवस प्रयोगशाळा बंदच होती. सरांच्या तेराव्यानंतर संस्थेने आम्हाला सामान आवरायला सांगितलं, कारण मार्गदर्शक नसताना प्रयोग चालवायचा कसा, हा त्यांच्यापुढे प्रश्न होता. मी एकटीच गेले. भट्टीत बेरियम उरलंय का ते बघावं म्हणून चेंबरच्या बाजूच्या काचेतून टॉर्च मारला.

बेरियम उरलं होतं. त्याच्याजवळच शटरची पाती लोंबत होती. दांडीला धरून ठेवणारा बारीकसा स्क्रू उष्णतेने सैल झाला होता आणि पाती खाली घसरून एका बाजूला झुकली होती. मी बाहेरून मूठ फिरवली. दांडी खुणेपर्यंत फिरली, पाती होती तिथेच राहिली.

मी टॉर्च बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा मूठ फिरवली. मग मी तिथेच फरशीवर बसले. चेंबर उघडावंसुद्धा लागलं नव्हतं. पाच मिनिटांचं काम होतं, एक टॉर्च आणि एक काच. त्या दुपारी आम्हा दोघांपैकी एकाच्याही मनात ते आलं नाही. आम्हाला शिकवलं होतं की प्रकाशावर शंका घ्या. आम्ही सगळी शंका प्रकाशावर घेतली, आणि शटर म्हणालं ते डोळे मिटून खरं मानलं. बाहेरच्या माणसाने कदाचित आधी शटरच तपासलं असतं. आमच्यासारख्यांच्या हातूनच असलं होतं.

नुसत्या लोंबत्या पातीने काही सिद्ध होत नव्हतं. मी संस्थेच्या प्रमुखांकडे जाऊन महिनाभराची मुदत मागून घेतली. सतीश आणि मी चेंबर उघडलं, पाती बसवली, हवा काढली, आरसे पुन्हा जुळवले, भट्टी तापवली. सुळका आला. सतीश मला म्हणाला, "तू फिरव. माझ्याच्यानं होत नाही." मी मूठ फिरवली. सुळका नाहीसा झाला. उघडली, आला. बंद केली, गेला. काडीमात्र संशय उरला नाही.

आम्ही दोघं नाचलो नाही. सतीश भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले आणि माझ्या मनात एवढंच येत होतं की सर हे ऐकून गेले असते तर त्यांनी नक्की काहीतरी खवचट बोलून दाखवलं असतं.

काकूंना सांगणं भाग होतं. सतीश म्हणाला, मी येतो. मी नको म्हटलं. दार उघडल्यावर काकू दारातून बाजूला झाल्या. खोलीत तो पलंग नव्हता. त्या जागी सरांची पुस्तकं जमिनीवर मांडलेली होती. ग्रंथालयाला द्यायची असावीत.

मी घडलेलं थोडक्यात सांगितलं. पाती कशी पडली, आम्ही ती कशी बसवली, प्रकाश कसा आला आणि गेला. काकू एका खुर्चीत ताठ बसून ऐकत होत्या.

"म्हणजे तो यांचाच होता," त्या म्हणाल्या.

"हो काकू. त्या दिवशीसुद्धा त्यांचाच होता."

"मी तुला जे खोटं बोलायला सांगत होते, तेच खरं होतं."

"हो."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता त्या मला बोलतील, आणि बोलाव्यात असंच मला वाटत होतं. पण त्या बोलल्या ते वेगळंच.

"तू येऊन गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे जागे झाले, ते एकदम शुद्धीत. मला म्हणाले, हेमांगीला फोन लाव. सांग तिला, काहीच फरक पडला नाही हे बरोबर नाही. चोरटा प्रकाश असला तरी वाटेतले अणू त्यात थोडी ढवळाढवळ करतातच, ते थांबल्यावर आकडा थोडातरी हलायला हवा. शटर बघ म्हणावं."

सरांनी पलंगावर पडल्या पडल्या, तेवढ्या वेदनेत, ते ओळखलं होतं. "अजिबात नाही?", "काहीच फरक नाही?" असं दोनदा विचारलं, तेव्हाच त्यांना ते खटकलं होतं. मी त्याला दुःख समजले.

"मी नाही लावला फोन," काकू म्हणाल्या. "मला तुझा राग होता. आणि वाटलं, पुन्हा आशा लावायची, पुन्हा ही पोर येणार, पुन्हा नाही म्हणून सांगणार. आता तरी यांना निवांत पडू दे. मी म्हटलं, लावला फोन, ती बघते म्हणालीये. त्यानंतर दोन दिवस, जाग आली की विचारायचे, हेमांगी आली का. मी म्हणायचे, कामात आहे. येईल."

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हेमांगी, तू खोटं बोलत नाहीस. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, त्याची किंमतही पाहिलीये. म्हणून तुलाच विचारते. मी त्या सकाळी फोन केला असता, तर यांना जाण्याआधी कळलं असतं का?"

केला असता तर मी धावत प्रयोगशाळेत गेले असते. काचेतून टॉर्च मारला असता. दुपारच्या आत सरांच्या पलंगापाशी येऊन म्हणाले असते, सर, पाती पडली आहे. पक्कं सिद्ध व्हायला नंतर महिना लागला असता, पण सरांना तेवढं पुरलं असतं. बाकीचं त्यांनी मनातल्या मनात जुळवलं असतं आणि ते हसत गेले असते.

"नाही काकू," मी म्हटलं. "शटर चेंबरच्या आत असतं. चेंबर उघडायचं तर आधी भट्टी गार करावी लागते, मग आत हवा सोडावी लागते. आठवडा जातो. नसतं कळलं."

"नक्की?"

"नक्की."

काकू बराच वेळ माझा चेहरा बघत होत्या. मुख्याध्यापिकेची ती नजर मी खाली न बघता सहन केली. मग त्यांचे खांदे सैल झाले. इतक्या सैलावलेल्या त्यांना मी कधीच पाहिलं नव्हतं, स्मशानातही नाही.

"बरं झालं तुला विचारलं," त्या म्हणाल्या. "रोज रात्री तेवढंच मनात यायचं."

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. काकू मुलीकडे नाशिकला असतात, पाडव्याला त्यांचा फोन येतो. काचेची आणि टॉर्चची गोष्ट सतीशला अर्थातच माहीत आहे. ती काकूंसमोर कधी काढायची नाही, असं मी त्याला त्याच संध्याकाळी सांगून ठेवलं. त्याने का म्हणून विचारलं नाही.

त्या दिवशी मी निघायला उठले तशा काकू स्वयंपाकघराकडे वळल्या.

"जेवून जा," त्या म्हणाल्या. "वरण-भातच आहे."

मी पाटावर बसले. घास खाली उतरत नव्हता, तरी मी दोनदा भात मागून घेतला.